दहा मिनिटांसाठी नेलेला डबा

रतनबाईंच्या दुकानात वस्तू ठेवून जाता येत नाही. मिक्सर असो, पंखा असो, नाहीतर विहिरीतून वर काढलेली चिखलानं माखलेली मोटार. मालकानं समोरच्या बाकावर बसायचं आणि रतनबाई एकेक स्क्रू काढून देतील तो तळहातावर धरायचा. मोजून घ्यायचे, मोजून परत द्यायचे. कुणी म्हणालं की बाई, मला तहसीलला जायचंय, संध्याकाळी नेतो, तर त्या मान वर न करता सांगतात, "मग मोटार बी घिऊन जा तहसीलला."

मार्गासनीत, वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय 'सम्राट मोटार रिवाइंडिंग वर्क्स'. सम्राट हा त्यांचा मुलगा. तो पुण्यात बँकेत आहे आणि त्याला फ्यूजची तारसुद्धा बांधता येत नाही. नवं गिऱ्हाईक दारातून विचारतं, सम्राटभाऊ आहेत का? रतनबाई म्हणतात, "हायेत, पुण्यात. मोटार हितं द्या."

हे काम मुळात त्यांचे यजमान ज्ञानू रणखांबे यांचं. भोरच्या एका दुकानात ते वाइंडिंग शिकले. लग्नानंतर तांब्याच्या तारेची वेटोळी घालायचं काम रतनबाई घरात बसून करू लागल्या, कारण त्यांची बोटं बारीक आणि मोजणी पक्की. एका खाचेत बेचाळीस फेरे म्हणजे बेचाळीसच. मोजत असताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरातला नियम. पाहुणे आले तरी पाहुण्यांनी थांबायचं. पुढे साखरेनं ज्ञानूंची नजर अधू केली आणि सगळं दुकानच रतनबाईंच्या हातात आलं. आता ज्ञानू दाराशी खुर्ची टाकून बसतात. आवाजावरून गिऱ्हाईक ओळखणं आणि त्याला बोलण्यात गुंतवणं हे खातं त्यांच्याकडे.

मालकाला समोर बसवायची पद्धत मात्र रतनबाईंची. दुकान नवं होतं तेव्हा एकानं गावभर सांगितलं होतं की त्या घरात मोटार दिली की तांबं बदलून येतं. तो माणूस काय म्हणत होता आणि त्याला खरं काय म्हणायचं होतं, दोन्ही रतनबाईंना कळलं होतं. त्या भांडायला गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराकडून एक बाक करून आणला. बावीस वर्षं झाली. त्या बाकावर बसून आसपासच्या दहा-बारा गावांतल्या लोकांनी आपापल्या मोटारींची आतडी बघितली आहेत. शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यासुद्धा बाजारात सांगतात की आमच्या पंख्याचा कपॅसिटर गेला होता.

मग सौर पंप आले.

नदीकाठच्या ज्या शेतांत विजेचा खांब कधी पोचला नव्हता तिथं योजनेतून निळ्या काचा उभ्या राहिल्या. लोकांना आनंद झाला, रतनबाईंनाही झाला. विहिरीतली मोटार तीच, ओळखीची. नवा होता तो फक्त पॅनेलखाली लावलेला करड्या रंगाचा डबा. काचांवरचं ऊन मोटारीला समजेल अशा विजेत बदलून देणं हे त्याचं काम. त्याच्या स्क्रूंची डोकी चांदणीसारखी, आणि चांदणीच्या मधोमध टाचणीएवढा खुंटा. कुठलाच स्क्रूड्रायव्हर त्यात बसत नव्हता. झाकणावर चंदेरी कागद चिकटवलेला, आणि त्यावर इंग्रजीत तंबी. रतनबाईंची इंग्रजी मोटारीच्या पाटीपुरती असली तरी तंबी ओळखायला भाषा लागत नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत गेनबांचा पंप बंद पडला. गेनबा सत्तरीचे, आणि त्यांच्या गव्हाला शेवटची दोन पाणी द्यायची होती. डब्यावरचा हिरवा दिवा विझला होता. कंपनीला फोन करून बारा दिवस झाले होते. तेराव्या दिवशी त्यांनी डबाच खांबावरून उतरवला आणि डोक्यावर घेऊन दुकानात आले.

रतनबाईंनी आधी तो चंदेरी कागद दाखवला. "आबा, ह्यो फाटला की कंपनी हात वर करंल."

"कंपनीचा हात म्या अजून खाली बघितलाच न्हाई," गेनबा म्हणाले आणि बाकावर बसून त्यांनी तळहात पुढे केला.

जुन्या स्क्रूड्रायव्हरचं टोक कानशीनं घासून रतनबाईंनी त्याला मधोमध खाच पाडली. आठ स्क्रू गेनबांच्या हातावर आले. झाकण उघडलं तर आत पाल. सुकून पापडासारखी झालेली, दोन तारांच्या मध्ये आडवी. तिच्यापायी फ्यूज उडाला होता. पाल काढली, जागा ब्रशनं साफ केली, नवा फ्यूज डाकला, झाकण लावलं. अर्ध्या तासाचं काम. गेनबा खूश होते. पाल त्यांनी कागदात बांधून घेतली, घरी दाखवायला.

पण शेतात नेऊन डबा जोडला तर हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. दोन आकडे लुकलुकत राहिले, आणि पंप गप्पच.

आता दोष डब्यात की मोटारीत? वाइंडिंगवाल्यांकडे याचं एक साधं उत्तर असतं. शेजाऱ्याची चांगली वस्तू आणायची आणि बिघडलेलीच्या जागी लावून बघायची. चालली, तर दोष आपल्या वस्तूत. रतनबाईंनी जन्मभर हेच केलं होतं, आणि शेजारच्या बांधापलीकडे छायाचा पंप होता. त्याच योजनेतला, त्याच कंपनीचा, त्याच आठवड्यात बसवलेला.

छायानं काकडी लावली होती. पहिल्यांदाच. घरात सगळ्यांचं मत कांद्याचं पडलं होतं. सासरे म्हणाले होते की काकडी म्हणजे पाण्याची नखरेवाली, एक दिवस चुकलं की मान टाकते. छायानं तरीही बारा ओळी लावल्या, ठिबकच्या नळ्या स्वतः अंथरल्या. वेल दोरीवर चढले होते, पिवळी फुलं लागली होती. रतनबाई डबा मागायला गेल्या तेव्हा ती लेकराला शाळेच्या गाडीत बसवायला निघाली होती. त्या म्हणाल्या, तू आलीस की नेते, मालकीण हजर पायजे. छाया हसली.

"मावशी, तुमच्यासमोर कशाला बसू मी? न्या."

"दहा मिनटांत आनून लावते," रतनबाई म्हणाल्या.

बावीस वर्षांत पहिल्यांदा मालकाविना वस्तू हलली.

छायाचा डबा गेनबांच्या पंपाला लावला. गेनबांचा डबा, कसाही असो, बघू तरी म्हणून छायाच्या पंपाला. छायाच्या डब्यावर हिरवा दिवा क्षणभर लागला, मग डब्यानं आपल्यासमोर अनोळखी मोटार बघितली आणि दिवा लाल झाला. रतनबाईंनी लगेच तो काढून पुन्हा मूळ जागी लावला. लालच. बटण बंद करून चालू केलं, पाच मिनिटं थांबून चालू केलं, झाकणावर हात ठेवून चालू केलं. लाल. दहा मिनिटांपूर्वी एक पंप बंद होता, आता दोन होते.

छाया परत आली तेव्हा रतनबाई तिच्याच बांधावर बसल्या होत्या. काय झालं ते त्यांनी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. छायानं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, आणि तेच रतनबाईंना जड गेलं.

"तुमी नेला मावशी. तुमीच बघा," ती म्हणाली आणि ओळींमध्ये निघून गेली.

त्या दिवशी गुरुवार होता. जमीन वाळूसर, ऊन चढतं. काकडी फार तर रविवारपर्यंत तग धरेल, हे दोघींनाही बोलल्याशिवाय माहीत होतं.

कंपनीला फोन करायचं काम ज्ञानूंना मिळालं, आणि त्यांनी ते आवडीनं केलं. फोनवर आधी सनई वाजायची, मग एक बाई म्हणायची की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. ज्ञानू प्रत्येक वेळी उत्तर द्यायचे, "आमच्यासाठी बी हाय." शुक्रवारी दुपारी खराखुरा माणूस बोलला. त्यानं सांगितलं ते असं: प्रत्येक डबा आपल्या मोटारीच्या नंबराशी बांधलेला असतो. दुसरी मोटार दिसली की त्याला वाटतं आपण चोरीला गेलो, आणि तो स्वतःला कुलूप घालून घेतो. ते कुलूप फक्त कंपनीच्या माणसाच्या मोबाईलमधून उघडतं. माणूस सात कामाच्या दिवसांत येईल. शनिवार-रविवार कामाचे नाहीत.

"काकडीला सांगतो तसं," ज्ञानू म्हणाले आणि फोन ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी छाया हंड्यानं पाणी आणून घालत होती. बारा ओळींपैकी दोन ओळी भिजल्या असतील. रतनबाई न बोलावता गेल्या आणि दुसरा हंडा उचलला. दोघी पाऊण तास विहीर ते वेल अशा जात-येत होत्या. शनिवारी दुपारी कडेच्या ओळींची पानं धुतलेल्या कपड्यासारखी लोंबायला लागली.

शनिवारी रतनबाईंनी दुकान उघडलं नाही. बाकावर स्वतःच बसल्या, गिऱ्हाइकाच्या जागी. डबा काय करतो? ऊन घेतो आणि मोटारीला तिची वीज करून देतो. एवढंच. मग हे एवढं आणखी कोण करतं? पुष्कळ वेळ तशा बसल्यावर त्यांना उत्रोलीच्या मानसिंगांची भाताची गिरण आठवली. तिथं मोटारीचा वेग कमी-जास्त करायला एक ड्राइव्ह लावलेला होता, आणि तीन वर्षांपूर्वी तो त्यांनीच बसवून दिला होता. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला होता: कुठली तार कुठं, कुठल्या बटणानं काय होतं, आणि खांबावरच्या विजेऐवजी साठवणीची, म्हणजे बॅटरीतून किंवा उन्हाच्या काचांतून येते तसली, वीज द्यायची असेल तर कुठल्या दोन टोकांना. ज्यानं तो बनवला त्यानं आपल्याजवळचं सगळं त्या कागदावर लिहून टाकलं होतं. भाताचा हंगाम संपला होता. गिरण बंदच असणार.

रविवारी पहिल्या एसटीनं त्या नसरापूरला गेल्या, तिथून भोरला, तिथून उत्रोलीला. मानसिंग अंघोळ करून नुकते बाहेर आले होते. ऐकून घेतल्यावर म्हणाले की ड्राइव्ह न्या, पण बाई, जपून. रतनबाई म्हणाल्या, नुसता ड्राइव्ह नेणार नाही, मालकानं संगं यायचं. मानसिंगांनी बायकोकडे बघितलं. घरी जावयाचं जेवण होतं. रतनबाई दारात उभ्याच राहिल्या. एकदा मालकाला सोडून वस्तू नेली आणि काय झालं ते त्या सांगू लागल्या, आणि ते ऐकून मानसिंगांच्या बायकोनंच नवऱ्याला टोपी आणून दिली. परतीच्या एसटीत मानसिंग ड्राइव्ह मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, काय आहे, तर म्हणाले, "काकडीचं औषध."

बारा वाजता सगळे छायाच्या शेतात होते. ऊन अगदी डोक्यावर, आणि तीच अडचण होती. खांबावरची वीज बंद करता येते. उन्हाला बटण नसतं. काचांवर ऊन असेपर्यंत तारा जिवंत, त्यांना हात लावणं म्हणजे मरण. रतनबाई म्हणाल्या, "पॅनेलं झोपवाय लागतील. छाये, घरात गोधड्या किती?"

छायानं तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. मग घरी गेली आणि डोक्यावर गठ्ठा घेऊन आली. सात गोधड्या. गेनबांनी दोन ताडपत्र्या आणल्या. पॅनेलं दहा. दहाव्यासाठी रस्त्यावरचा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स उतरवला. कुण्या पुढाऱ्याचा हसरा चेहरा आभाळाकडे तोंड करून काचेवर पसरला. जुन्या लुगड्यांच्या, ठिगळांच्या गोधड्या पांघरून दहा पॅनेलं गप्प झाली. तारांच्या टोकांवर मीटर धरून वीज अगदी मेल्याची खात्री केल्याशिवाय रतनबाईंनी हात पुढे केला नाही. गोधड्या दाबून धरायला गेनबा एका टोकाला, मानसिंग दुसऱ्या टोकाला. वारा सुटला की दोघं हात पसरून धावत.

रतनबाईंनी करडा डबा बाजूला केला आणि ड्राइव्ह जोडला. कागद वाचायला चष्मा लावला, आकड्यांवर बोट ठेवत एकेक तार कसली. त्या मोजत होत्या, म्हणून कुणी बोललं नाही.

मग म्हणाल्या, "आता उठवा. एकेक."

पहिली गोधडी निघाली. दुसरी, तिसरी. काही नाही. पाचवी निघाली तेव्हा मानसिंगांनी कपाळ पुसलं. सातवी निघाली आणि ड्राइव्हच्या काळ्या पट्टीवर आकडे उजळले. मग ताडपत्र्या. विहिरीच्या तळातून घोगरा आवाज आला, तो चढत जाऊन एका सुरात स्थिर झाला, आणि ज्ञानू बांधावर खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "मोटार बरी हाय." शेवटी छायानं पुढाऱ्याला उचलून बाजूला ठेवलं. पाइप खोकला, गढूळ पाण्याची एक गुळणी टाकली, मग स्वच्छ पाणी आलं. नळ्या फुगल्या. बाराही ओळींत, प्रत्येक वेलाच्या पायाशी, थेंब दिसू लागले.

पानं लगेच उठत नाहीत. मानसिंग आणि गेनबा जेवायला गेले, ज्ञानूंना कुणीतरी घरी सोडलं. रतनबाई बांधावर बसून राहिल्या. ऊन कलल्यावर कडेच्या ओळीतलं एक पान देठापासून थोडंसं ताठ झालं. मग त्याच्या शेजारचं.

छाया येऊन शेजारी बसली.

"दहा मिनटं म्हनले हुते तुला," रतनबाई म्हणाल्या.

"चार दिस झाले."

"व्हय. चार दिस झाले."

छायानं उठत विचारलं, "मावशी, च्या ठेवू का?"

बसवताना सगळं डोळ्यांनी बघितलेले मानसिंग ड्राइव्ह ठेवून घरी गेले. पुढचे दिवस सकाळचं ऊन छायाचं आणि दुपारचं गेनबांचं, असा ड्राइव्ह बांधावरून इकडे-तिकडे फिरला. मानसिंग रोज फोन करून आधी ड्राइव्हची आणि मग काकडीची चौकशी करत.

कंपनीचा माणूस पुढच्या बुधवारी आला. तो माणूस म्हणजे गायत्री नावाची सव्वीस वर्षांची इंजिनीअर निघाली. हेल्मेटखाली रुमाल बांधलेली, पाठीवर सॅक. ती गेनबांच्या शेतात उभी राहिली आणि मोबाईल बघून म्हणाली, पंप बंद आहे, शेवटचं पाणी तीन आठवड्यांपूर्वी. तेवढ्यात सरीतून आलेलं पाणी तिच्या बुटात शिरलं.

"कंपनीला म्हनावं बूट काढून बघ," गेनबा म्हणाले.

गायत्री हसली, आणि तिथून गोष्टी सोप्या झाल्या. छायाच्या डब्याचा चंदेरी कागद शाबूत होता. तिनं त्याचा फोटो काढला, मोबाईलवर चार वेळा बोट टेकवलं, आणि हिरवा दिवा लागला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. गेनबांच्या डब्याचं मात्र तिला काही करता येईना. फाटलेल्या कागदाचा फोटो मोबाईल घेत नव्हता. म्हणजे हा डबा कायमचा बंद. आता नवा विकत घ्यावा लागेल.

रतनबाईंनी विचारलं की आतून बघून घेणार नाहीस का? गायत्री म्हणाली, आम्हाला उघडायची परवानगी नाही. जुना काढायचा, नवा लावायचा, जुना परत पाठवायचा.

"मग तिकडं कोन उघडतं?"

"तिकडंही कोणी उघडत नसावं."

"तू आतनं कधी बघितलाच न्हाईस?"

गायत्रीनं कबूल केलं. मग रतनबाईंनी खाच पाडलेला स्क्रूड्रायव्हर काढला आणि बांधावरच झाकण उघडलं. गायत्री गुडघ्यांवर बसली. हे काय, ते काय, असं आधी रतनबाई सांगत होत्या. मग गायत्री पुस्तकातली नावं सांगू लागली आणि रतनबाई त्यांच्या नावांशी ती जुळवून बघू लागल्या. पाल कुठं होती, फ्यूज कुठं डाकला, तेही दाखवलं. गायत्रीनं डाक बघितला, मग लाल दिव्याच्या वेळी कुठले दोन आकडे लुकलुकत होते ते विचारून घेतलं आणि मोबाईलमधली यादी काढली.

"मावशी, हा आकडा बिघाडाचा नाही," ती म्हणाली. "झाकण उघडलं गेलं, याचा आहे. बिघाड आत काही दिसतच नाहीये."

रतनबाईंचा हात थांबला. "म्हंजे पाल काढली तवाच डबा बरा झाला हुता?"

"हो."

"मग छायाचा डबा न्यायचं कामच नव्हतं."

"नव्हतं."

त्यांनी ती यादी हातात घेतली, आकड्यावर बोट ठेवून स्वतः वाचलं, आणि मोबाईल परत दिला. नंतर कुणाकडेही न बघता झाकण लावत म्हणाल्या, "दुरुस्ती बरोबर हुती तर." एवढं समाधान आणि एवढी चुटपुट एकाच वाक्यात बसलेली गेनबांनी पूर्वी ऐकली नसावी, ते चष्मा पुसू लागले.

गायत्रीला अहवाल भरायचा होता. डबा उघडण्याचं कारण. तिनं हळूच सुचवलं की नैसर्गिक कारण असंही लिहिता येतं, पालीचं नाव पुढे करू. नाहीतर खाली 'अनधिकृत व्यक्ती' असा रकाना आहे, त्यात नाव भरावं लागतं. नव्या डब्याचे पैसे दोन्हीकडून तेवढेच. गेनबा म्हणाले, पालच लिहा, ती काय भांडायला येतेय.

"पालीनं स्क्रू काढले व्हय?" रतनबाई म्हणाल्या. "माजं नाव लिही पोरी. म्या उघडला."

गायत्रीनं लिहायला घेतलं. रकाना छोटा होता. रतनबाई रणखांबे एवढं मावलं, गाव मावेना.

"मग 'बाई' काढ," रतनबाई म्हणाल्या. "गाव ऱ्हाऊ दे. आनि म्होरं फोन नंबर टाक. कंपनीला कुठं अडलं तर इचारंल."

रतन रणखांबे, मार्गासनी. नंबराला खाली आणखी एक रकाना निघाला. तो भरून झाल्यावर गायत्रीनं नंबर स्वतःच्या मोबाईलमध्येही घेतला. उद्या तिला वेल्ह्याच्या पुढे असाच एक लाल दिवा बघायला जायचं होतं.